लेबल नसलेला ट्रान्सफॉर्मर

बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर, टाकून दिलेला यूपीएस किंवा जुना बॅटरी चार्जर उघडला, की आतल्या बऱ्याच भागांचे आयुष्य सरलेले दिसते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, रिलेचे कॉन्टॅक्ट काळवंडलेले असतात, आणि जळालेला आयसी बाजारात मिळेनासा झालेला असतो. ट्रान्सफॉर्मर मात्र बहुतेक वेळा शाबूत असतो. त्यात हलणारा भाग नाही, सुकून जाणारे रसायन नाही. लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे आणि मधे इन्सुलेशन, एवढीच त्याची घडण. तो प्रमाणाबाहेर तापला नसेल आणि ओलाव्यात पडून राहिला नसेल, तर तीस-चाळीस वर्षांनीही चोख काम देतो. घरी बनवायच्या पॉवर सप्लायमध्ये सर्वांत जड आणि बहुधा सर्वांत महाग भाग हाच असतो. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नवा घेण्याआधी पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा ओळखीच्या भंगारवाल्याकडे नजर टाकणे फायद्याचे असते.

अडचण अशी, की त्याच्यावर बहुधा कामाचे काहीच लिहिलेले नसते. कंपनीने तो आपल्या यंत्रापुरता बनवून घेतलेला असतो. छापलेला असतो तो कंपनीचा अंतर्गत क्रमांक. किती व्होल्टचा, किती अ‍ॅम्पिअरचा, कोणत्या तारा मेन्सच्या, याचा पत्ता नसतो. तारांच्या रंगांवर विसंबून चालत नाही, कारण प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी.

तरीही ही सगळी माहिती ट्रान्सफॉर्मरच्या आतच असते आणि ती मोजून काढता येते. अट एकच, मोजणीचा क्रम पाळायचा. आधी डोळे, मग बॅटरीवर चालणारा मीटर, मग इन्सुलेशनची परीक्षा, मग बारा व्होल्ट, मग बल्बमधून दिलेले मेन्स आणि सर्वांत शेवटी पूर्ण लोड. प्रत्येक पायरीवर आधीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि आधीची पायरी पार झाल्याशिवाय पुढची चढायची नाही. भंगारातला ट्रान्सफॉर्मर थेट प्लगमध्ये घालून ‘चालतो का पाहू’ म्हणणे ही शेवटची पायरी पहिल्यांदा चढणे होय. या प्रकरणाचे सार तेवढेच आहे.

ट्रान्सफॉर्मर दोन कामे करतो

२९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या तारा गुंडाळल्या होत्या. वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे कापड आणि दोरा घातला होता. एका तारेतला प्रवाह सुरू किंवा बंद केला, की दुसऱ्या तारेला जोडलेली चुंबकसुई हलायची. आजच्या ट्रान्सफॉर्मरची सगळी तत्त्वे त्या कड्यात होती. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद गाभ्याचा व्यवहारोपयोगी ट्रान्सफॉर्मर तयार केला. १८८६ मध्ये अमेरिकेत विल्यम स्टॅन्ली यांनी ग्रेट बॅरिंग्टन गावात ट्रान्सफॉर्मरच्या आधारे दिवे लावून दाखवले.

पहिले काम सर्वांना माहीत आहे, ते म्हणजे व्होल्टेज बदलणे. प्रायमरीवर (मेन्सकडच्या वाइंडिंगवर) हजार वेढे आणि सेकंडरीवर (आउटपुटच्या वाइंडिंगवर) शंभर असतील, तर २३० व्होल्टचे २३ होतात. दुसरे काम दिसत नाही, पण जीव त्यावर अवलंबून असतो. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात तारेची जोडणी नसते, ऊर्जा फक्त चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. म्हणून सेकंडरीवरचे बारा व्होल्ट आपण बिनधास्त हाताळू शकतो. फॅरडेंच्या कड्यातल्या कापडाच्या जागी आता प्लॅस्टिकचे बॉबिन, कागद, पॉलिस्टर पट्टी आणि वार्निश असते. तो पडदा फाटला, तर मल्टिमीटरवर बारा व्होल्ट दिसत राहतील आणि त्याच वेळी त्या तारेला फेज चिकटलेला असेल. जुना ट्रान्सफॉर्मर तपासताना व्होल्टेज शोधणे सोपे आहे. खरी परीक्षा आहे ती या पडद्याची.

काय घ्यावे, काय सोडावे

घेण्याजोगे बरेच असते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायर आणि टेपरेकॉर्डरमधले, बॅटरी चार्जर आणि इमर्जन्सी लाइटमधले, प्रयोगशाळेतल्या उपकरणांमधले ट्रान्सफॉर्मर निवडावेत. त्यातही ज्याच्या बॉबिनचे मधल्या भिंतीने दोन कप्पे केलेले आहेत, एकात प्रायमरी आणि दुसऱ्यात सेकंडरी, तो आधी उचलावा. दोन्ही वाइंडिंग शेजारी-शेजारी असल्याने, एकीचे इन्सुलेशन जळाले तरी ती दुसरीला सहसा टेकत नाही.

यूपीएसचा ट्रान्सफॉर्मर दिसायला भरभक्कम असतो, पण त्याच्याविषयी गैरसमज फार. ६०० व्हीएचा यूपीएस बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर काही मिनिटे चालण्यासाठी बनवलेला असतो. तेवढ्या वेळात ट्रान्सफॉर्मर पूर्ण तापतच नाही, म्हणून निर्मात्याने लोखंड आणि तांबे हात राखून वापरलेले असते. तोच तासन्‌तास चालवायचा असेल, तर यूपीएसवरचा आकडा विसरून खाली दिलेल्या रीतीने त्याची क्षमता नव्याने काढावी.

व्होल्टेज स्टॅबिलायझरमधला नग जवळजवळ नेहमी ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. त्यात एकच वाइंडिंग असते आणि तिलाच जागोजागी टॅप काढलेले असतात. म्हणजे मेन्स आणि आउटपुट यांच्यात पडदाच नसतो. असा नग पॉवर सप्लायसाठी कधीही वापरू नये.

संगणकाच्या एसएमपीएसमधले आणि मोबाइल चार्जरमधले चिमुकले ट्रान्सफॉर्मर फेराइटच्या गाभ्याचे असतात आणि दर सेकंदाला हजारो आवर्तने असलेल्या विजेवर चालतात. ५० हर्ट्‌झच्या मेन्सला ते जोडले तर जवळजवळ शॉर्ट झाल्यासारखे जळतात. अमेरिकेतून आलेल्या यंत्रातला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्‌झचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर त्याचा गाभा चुंबकीयदृष्ट्या पार भरून जातो आणि प्रवाह बेसुमार वाढतो.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला हात लावू नका. त्याच्या सेकंडरीवर सुमारे २,००० व्होल्ट येतात, शिवाय माणसाला मारायला लागतो त्याच्या कित्येक पट प्रवाह तो सहज देतो. सेकंडरीचे एक टोक गाभ्यालाच जोडलेले असल्यामुळे इथे पडद्याचा आधारही मिळत नाही. हा ट्रान्सफॉर्मर वापरून लाकडावर विजेच्या फांद्यांसारखी नक्षी जाळण्याच्या नादात अनेकांचे प्राण गेले. अखेर अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या कारागिरांच्या संस्थेने आपल्या कार्यक्रमांत त्या तंत्रावर बंदी घातली. ओव्हनमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भारलेला राहू शकतो. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्याने तो ओव्हन बंदच ठेवावा.

पहिली पायरी: डोळे, नाक आणि फूटपट्टी

जळालेल्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. तो वास, काळी पडलेली पट्टी, फुगलेले किंवा वितळलेले बॉबिन यांपैकी काहीही दिसले तर नग बाजूला ठेवा. गाभ्याच्या पत्र्यांवर थोडा गंज असेल तर चालतो. वाइंडिंगवर पाण्याचे डाग असतील तर सावध व्हा.

आता फूटपट्टी घ्या. गाभ्याचे पत्रे इंग्रजी ‘ई’ आणि ‘आय’ अक्षरांच्या आकाराचे असतात. मधल्या दांड्याची रुंदी आणि पत्र्यांच्या थराची जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार केला, की गाभ्याचे क्षेत्रफळ मिळते. या क्षेत्रफळाला १.१५ ने भागून त्याचा वर्ग केला, की ट्रान्सफॉर्मरची क्षमता व्हीएमध्ये अंदाजे कळते. समजा, रुंदी २.५ आणि जाडी ३.२ सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ झाले ८ चौरस सेंटिमीटर, आणि क्षमता सुमारे ४८ व्हीए. हाच नग पुढे उदाहरणासाठी घेऊ. त्याला दोन काळ्या तारा आणि तीन पिवळ्या-हिरव्या तारा आहेत, असे समजू.

दुसरी पायरी: मल्टिमीटर

मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक तारेची दुसऱ्या प्रत्येक तारेशी जोडी तपासा. ज्या तारा एकमेकींशी जोडलेल्या दाखवतील, त्या एका वाइंडिंगच्या. उदाहरणातल्या नगात काळ्या दोन तारांमध्ये ५० ओहम मिळाले. उरलेल्या तीनपैकी एका तारेपासून दुसऱ्या दोन्हींपर्यंत ०.६ ओहम आणि त्या दोघींत १.२ ओहम आले. म्हणजे मधे टॅप असलेली सेकंडरी आहे. ५० ओहमची बारीक तारेची वाइंडिंग प्रायमरी असणार, असा तर्क करता येतो. ५ ते १० व्हीएच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी शेकडो ओहमची असते, तर ५०० व्हीएच्या नगाची मोजक्या ओहमचीच. त्यामुळे आकडा पाहताना आकारही पाहावा. लहान आकडे मोजताना मीटरच्या दोन पिना आधी एकमेकींना टेकवून तारांचा स्वतःचा रोध वजा करावा.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मोजताना तारांची उघडी टोके बोटांत धरू नका, कारण मीटर काढताच मोठ्या वाइंडिंगमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि चांगला झटका बसतो. आणि प्रायमरी तुटलेली दाखवली, तरी नग लगेच टाकू नका. अनेक ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरीच्या बाहेरच्या पट्टीखाली थर्मल फ्यूज दडवलेला असतो. पट्टी हळूच सोडवून पाहिली तर तो सापडतो. त्याच तापमानाचा आणि त्याच प्रवाहाचा नवा फ्यूज घालता येतो. तार जोडून तो वगळणे म्हणजे आग लागण्याची सोय करणे. तो फ्यूज का उडाला, याचे उत्तर मिळेपर्यंत पुढच्या पायऱ्या जास्त बारकाईने कराव्यात.

तिसरी पायरी: पडद्याची परीक्षा

मल्टिमीटर प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात ‘जोडणी नाही’ असे दाखवतो, तेव्हा अनेक जण निश्चिंत होतात. पण मीटर ही तपासणी काही व्होल्टच्या बॅटरीवर करतो. ओलावा धरलेला कागद किंवा चिरलेले वार्निश इतक्या कमी दाबाला तग धरते आणि मेन्सच्या दाबाला हार मानते. म्हणून इथे मेगर हवा. तो ५०० व्होल्ट डीसी लावून रोध मेगओहममध्ये दाखवतो. विहिरीवरच्या मोटारी बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तो असतोच, आणि एका नगाला मिनिटभर पुरते.

प्रत्येक वाइंडिंगच्या सगळ्या तारा एकत्र पिळा. मग तीन मोजण्या करा: प्रायमरी ते सेकंडरी, प्रायमरी ते गाभा, सेकंडरी ते गाभा. चांगला, कोरडा ट्रान्सफॉर्मर शंभर मेगओहमच्या वरच दाखवतो. आकडा दहा-वीस मेगओहमपर्यंत घसरला असेल, तर ओलावा हे कारण असू शकते. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात पडून राहिलेल्या नगांत हे नेहमीचे आहे. वैशाखाच्या उन्हात किंवा ६०-७० अंशांच्या सौम्य उष्णतेत दोन-तीन दिवस वाळवून पुन्हा मोजावे. आकडा भराभर वर गेला तर ओलावाच होता. वाळवूनही दोन-चार मेगओहमवर अडकून राहिला, तर तो नग बाद. व्होल्टेज कितीही सोयीचे असले, तांबे कितीही भरपूर असले, तरी बादच. या निर्णयात तडजोड नको.

चौथी पायरी: बारा व्होल्टवर वेढ्यांचा हिशोब

आता पहिल्यांदा ट्रान्सफॉर्मरला वीज द्यायची, पण मेन्सची नाही. खात्रीच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचे बारा व्होल्ट एसी पाव अ‍ॅम्पिअरच्या फ्यूजमधून नव्या नगाच्या सर्वांत जास्त रोधाच्या वाइंडिंगला द्या. चूक झाली तर ती इथे स्वस्तात कळते. उलट दिशेने जोडण्याची घाई मात्र करू नका. सेकंडरीच्या अर्ध्या भागाला बारा व्होल्ट दिले, तर उदाहरणातल्या नगाच्या काळ्या तारांवर १४० व्होल्टच्या आसपास उभे राहतील.

समजा, प्रायमरीवर मोजून १२.४ व्होल्ट आहेत आणि सेकंडरीच्या प्रत्येक अर्ध्या भागावर १.०७ व्होल्ट. गुणोत्तर झाले ११.६. म्हणजे २३० व्होल्टवर प्रत्येक अर्ध्या भागात सुमारे १९.८ व्होल्ट मिळतील. लोड नसताना छोट्या ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज नाममात्र आकड्यापेक्षा दहा-वीस टक्के जास्त असते. तेव्हा हा नग ‘१८-०-१८’ चा असावा.

पण काळ्या तारांची वाइंडिंग खरोखर २३० व्होल्टसाठी आहे का? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तरही बारा व्होल्टवरच मिळते. बॉबिन आणि गाभा यांच्यातल्या फटीतून बारीक इन्सुलेटेड तारेचे दहा वेढे घाला. १२.४ व्होल्ट तसेच ठेवून त्या दहा वेढ्यांवरचे व्होल्टेज मोजा. ते ०.११५ व्होल्ट आले, तर प्रायमरीवर सुमारे १,०८० वेढे आहेत. २३० ने भागले, की व्होल्टमागे ४.७ वेढे. आता गाभ्याकडून विचारा. ५० हर्ट्‌झवर साध्या सिलिकॉन पोलादाच्या पत्र्यांना १.२ टेस्लाच्या आसपास चुंबकीय घनता सोसते. त्या हिशोबाने व्होल्टमागे लागणारे वेढे म्हणजे ३७.५ भागिले गाभ्याचे क्षेत्रफळ. ३७.५ ला ८ ने भागले, तरी ४.७ च येतात. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, तेव्हा प्रायमरी २३० व्होल्टची आहे यात शंका उरत नाही. हीच वाइंडिंग ११५ व्होल्टची असती, तर वेढे जवळपास निम्मे, ५४० च्या आसपास निघाले असते.

या मोजणीला दोन व्होल्ट एसीची किंवा त्याहून खालची रेंज असलेला मीटर लागतो. ज्याची सर्वांत खालची एसी रेंज २०० व्होल्टची आहे, त्या मीटरवर हा आकडा दिसणार नाही. काही नगांत ११५ व्होल्टच्या दोन सारख्या प्रायमरी असतात आणि २३० व्होल्टसाठी त्या सिरीजमध्ये जोडायच्या असतात. टोके उलटी जोडली, तर दोघींचे चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारते. ते ओळखण्यासाठी दोन्ही सिरीजमध्ये जोडून दहा वेढ्यांवर पुन्हा मोजावे. बरोबर जोडणीत आकडा एकटीच्या वेळेपेक्षा निम्मा येतो. उलट जोडणीत तो शून्याजवळ जातो आणि बारा व्होल्टचा फ्यूज उडू शकतो.

पाचवी पायरी: सिरीज बोर्डवर मेन्स

इलेक्ट्रिशियनच्या दुकानातला सिरीज बोर्ड म्हणजे एका होल्डरमधला बल्ब आणि त्याच्याशी सिरीजमध्ये सॉकेट. बल्ब फिलामेंटचाच हवा, ६० वॉटचा पुरे. एलईडी बल्ब इथे चालत नाही, कारण त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. थंड फिलामेंटचा रोध गरम असतानाच्या जेमतेम दशांश असतो. म्हणून निरोगी ट्रान्सफॉर्मरला जवळपास पूर्ण व्होल्टेज मिळते, आणि शॉर्ट असेल तर बल्ब पेटून सगळे व्होल्टेज स्वतःवर घेतो.

सेकंडरीच्या तारा मोकळ्या, एकमेकींपासून दूर ठेवा आणि स्विच दाबा. क्षणभर बल्ब लुकलुकेल, मग विझेल. निरोगी ५० व्हीएचा नग लोडशिवाय काही दशक मिलिअ‍ॅम्पिअर घेतो, तेवढ्यात ६० वॉटचे फिलामेंट लाल होत नाही. बल्ब मंद का होईना तेवतच राहिला, तर वाइंडिंगमध्ये काही वेढे आपसांत शॉर्ट आहेत किंवा प्रायमरी कमी व्होल्टेजची आहे. आतला एक वेढा जरी शॉर्ट झाला, तरी ती एक स्वतंत्र सेकंडरी बनते आणि त्यात प्रचंड प्रवाह खेळतो. मल्टिमीटरवर हजारात एक वेढा कमी झालेला कळत नाही, बल्बवर मात्र लगेच कळतो.

बल्ब ट्रान्सफॉर्मरला वाचवतो, तपासणाऱ्याला नाही. ६० वॉटच्या बल्बमधून पाव अ‍ॅम्पिअर जाऊ शकतो, आणि माणसाचे हृदय बंद पडायला याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो. म्हणून बोर्ड ३० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आरसीसीबीवर असावा, गाभा अर्थिंगला जोडलेला असावा आणि प्रत्येक बदल प्लग काढूनच करावा. मेन्सवर याआधी काम केले नसेल, तर ही पायरी जाणत्या माणसाला सोबत घेऊन चढावी.

बल्ब विझलेला राहिला, की तो काढून ३१५ मिलिअ‍ॅम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज घाला आणि तासभर लोडशिवाय चालू ठेवा. मग प्लग काढून हात लावा. कोमट असेल तर उत्तम. हात टेकवत नाही इतका तापला असेल, तर बाद.

सहावी पायरी: लोड आणि ताप

आता शेवटचा प्रश्न, किती अ‍ॅम्पिअर? त्याला तीन वाटांनी उत्तर मिळते. पहिली वाट गाभ्याची. ४८ व्हीएला ३६ व्होल्टने भागले, की सुमारे १.३ अ‍ॅम्पिअर. दुसरी वाट तारेची. सेकंडरीची खरी तार बॉबिनच्या टॅगपाशी दिसते. तांब्याला चौरस मिलिमीटरमागे अडीच ते तीन अ‍ॅम्पिअर सोसतात. ती तार २१ गेजची, म्हणजे ०.८१ मिलिमीटर व्यासाची निघाली, तर तिचा छेद ०.५२ चौरस मिलिमीटर आणि क्षमता १.३ ते १.६ अ‍ॅम्पिअर. तारेवरचे एनॅमल थोडे खरवडून रंगही पाहावा. आत चांदीसारखी चकाकी दिसली तर तार अ‍ॅल्युमिनियमची असू शकते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणून क्षमता कमी धरावी.

तिसरी वाट सर्वांत खरी, तापाची. दुचाकीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, १० वॉटचे चार बल्ब सिरीजमध्ये जोडून एक रांग करा. अशा दोन रांगा सेकंडरीच्या दोन टोकांना, म्हणजे ३६ व्होल्टवर जोडा. प्रत्येक बल्बला नऊ व्होल्टच्या आसपास मिळतात, प्रत्येक रांग सुमारे ०.७ अ‍ॅम्पिअर घेते आणि एकूण लोड १.४ अ‍ॅम्पिअर होतो. सुरू करण्याआधी खोलीचे तापमान आणि थंड प्रायमरीचा रोध लिहून ठेवा.

तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरलेल्या प्रमाणात वाढतो, म्हणून वाइंडिंग स्वतःच आपला तापमापक बनते. दोन-तीन तासांनी प्लग काढा, सेकंडरी मोकळी करा आणि लगेच प्रायमरीचा रोध मोजा. थंड रोध ३० अंशांना ५० ओहम होता आणि आता ५७.५ आहे, असे धरू. गरम रोधाला थंड रोधाने भागा, म्हणजे १.१५. त्याला २३४.५ अधिक ३० ने गुणा, म्हणजे ३०४. त्यातून २३४.५ वजा करा. वाइंडिंगचे सरासरी तापमान ७० अंश, वाढ ४० अंश. चंद्रपुरात मे महिन्यात खोली ४५ अंशांवर गेली, तरी वाइंडिंग ८५ पर्यंत जाईल. जुन्या, साध्या ए वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंश आहे, आणि आतला सर्वांत तप्त बिंदू सरासरीपेक्षा वरच असतो. तेव्हा ४०-५० अंशांची वाढ चालेल, ६० च्या पुढे गेली तर लोड कमी करून पुन्हा मोजावे. बाहेरून हात लावून हे कळत नाही, कारण बाहेरचा थर आतल्या वेढ्यांपेक्षा बराच थंड असतो.

कामाला लावताना

आता या १८-०-१८ पासून अधिक-उणे पंधरा व्होल्टचा सप्लाय करता येतो. ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर लावल्यावर डीसी व्होल्टेज एसीच्या १.४१ पट होते, त्यातून डायोडचा थोडा भाग वजा जातो. लोडवर ते २४-२५ व्होल्ट असेल. लोड नसताना २७ होईल, आणि रात्री मेन्स २५० वर गेले तर ३० च्या जवळ पोहोचेल. म्हणून इथे २५ व्होल्टचा कपॅसिटर घालणे चूक, ३५ चा किमान, ५० चा निर्धास्त. ७८१५ आणि ७९१५ या रेग्युलेटरना इनपुटवर ३५ व्होल्टपर्यंत चालते, तेव्हा त्यांना धोका नाही, पण मोठा हीटसिंक हवा. कपॅसिटरमध्ये प्रवाह छोट्या, टोकदार झटक्यांनी जातो आणि वाइंडिंग त्यामुळे जास्त तापते. म्हणून १.४ अ‍ॅम्पिअर एसीच्या नगाकडून ०.८ ते ०.९ अ‍ॅम्पिअर डीसीच मागावे. अ‍ॅम्पिअरमागे २,२०० ते ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर धरावा.

टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर बसवताना एक नियम पाळा. मधल्या भोकातून जाणाऱ्या बोल्टचे वरचे टोक पेटीच्या झाकणाला टेकू देऊ नका. बोल्ट, झाकण आणि तळ मिळून एक पूर्ण वेढा बनतो, आणि तो शॉर्ट असतो. फ्यूज नेहमी प्रायमरीत, फेजच्या तारेत, आणि स्लो-ब्लो असावा, कारण स्विच दाबताच क्षणभर मोठा प्रवाह धावतो. गाभा आणि धातूची पेटी अर्थिंगला जोडावी. प्रायमरी आणि गाभा यांच्यातले इन्सुलेशन कधी फाटलेच, तर फेज बोटापर्यंत जाण्याऐवजी फ्यूज उडेल.

सेकंडरीचे व्होल्टेज सोयीचे नसेल आणि प्रायमरी उत्तम असेल, तर फक्त सेकंडरी बदलून घ्यावी. शेतीपंपांमुळे महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावात रिवाइंडिंगची दुकाने आहेत. तिथल्या कारागिरांना गेज, कागद आणि वार्निश यांची नेमकी जाण असते. त्यांना व्होल्टमागे ४.७ वेढे हा आकडा सांगितला, की बारा व्होल्टसाठी लोडवरची घट धरून साठेक वेढे लागतील हे ते लगेच ताडतात. पत्र्यांचा गुणगुणाट येत असेल, तर वार्निशमध्ये बुडवून वाळवल्याने तो बहुधा शांत होतो.

शेवटी नगावर पक्क्या शाईने लिहावे: प्रायमरीच्या तारा आणि त्यांचा थंड रोध, सेकंडरीचे लोडशिवायचे आणि लोडवरचे व्होल्टेज, किती अ‍ॅम्पिअरवर किती ताप, मेगरचा आकडा आणि तारीख. असा नग उद्या दुसऱ्याच्या हाती गेला, तरी त्याला पहिल्यापासून शोध घ्यावा लागणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेला किंवा शेजारच्या विद्यार्थ्याला देता येईल अशी ती वस्तू होते.

जे नग बाद झाले, त्यांनाही किंमत आहे. तांबे आणि लोखंड दोन्ही पुन्हा वितळवून नवी होतात. भारतात २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जावा, अशी त्यांची दिशा आहे. तार मोकळी करण्यासाठी वाइंडिंग जाळू नये. एनॅमल आणि प्लॅस्टिकचा तो धूर जाळणाऱ्याच्या फुप्फुसांत आणि त्याच्या वस्तीत राहतो. नग वाचवताना जेवढी काळजी घेतली, तेवढीच तो सोडून देतानाही घ्यावी.